क्लिअरिंगआधीचा फोन

शालन हसबे माझ्यासमोरच्या खुर्चीच्या टोकावर बसली होती आणि बँकेकडं नवरा परत मागत होती.

"म्याडम, शेठ तुमचं ऐकत्यात. एकदा बोला की. तीन वर्सं झाली, पोरीनं बाप बघितला न्हाई."

दोन हजार नऊचा चैत्र, गुरुवार, बाजाराचा दिवस. चिंचणगावची यात्रा चार दिवसांवर आली होती आणि देशभर पांगलेली गलाईवाली मंडळी गावात उतरली होती. आमच्या त्या पट्ट्यात पाऊस पडत नाही, म्हणून तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या सोनं गाळायला बाहेर जातात. कोइमतूर असो की जालंधर, सराफ पेठेतल्या एखाद्या माडीवर भट्टी मांडायची, जुने दागिने वितळवायचे, तेजाबात घालून शुद्ध सोनं काढायचं. दुकानातला केरसुद्धा टाकत नाहीत. पायपुसणं झिजलं की जाळतात आणि राखेतून गुंजभर सोनं काढतात. मी तिथल्या शाखेत सहा वर्षं मॅनेजर होते, आणि एवढ्या काळात या लोकांनी एखादी गोष्ट वाया घालवलेली मी पाहिली नाही. अपवाद फक्त यात्रेतल्या भाषणांचा.

या सगळ्यांत मोठे जगन्नाथ शिरतोडे. जगूशेठ. बाकीचे रेल्वेनं पोचतील तिथं गेले, हे विमानानं कंपालाला गेले. तिथं त्यांनी गलाईचं दुकान टाकलं, मग सोन्याची खरेदी सुरू केली, मग गावाकडची आठ माणसं कामाला नेली. सोन्यात बुडालेला हा माणूस अंगावर सोनं घालायचा नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "म्याडम, हलवाई कुठं पेढे खातो?" वर्षातून दोनदा यायचे, यात्रेला आणि दिवाळीला, आणि येताना माझ्या वार्षिक ठेवींचं टार्गेट खिशात घेऊन यायचे. माझ्या दोन बढत्यांमध्ये त्यांचा वाटा किती, हे मला टक्केवारीसकट माहीत होतं.

शालनचा नवरा दिनकर त्या आठांपैकी एक. दगडावर सोनं घासून कस सांगण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. त्याचा पासपोर्ट शेठच्या तिजोरीत असायचा, हरवू नये म्हणून. फोन दर रविवारी येई. आधी तो दुकानातच काम करायचा, पण गेल्या वर्षापासून शेठ त्याला सरहद्दीवर पाठवू लागले होते. पलीकडं काँगोत लढाई पेटलेली, खाणी बंदूकवाल्यांच्या हातात, सोनं तेच आणत. दिनकर तागडी आणि कसोटीचा दगड घेऊन त्यांच्यासमोर बसायचा. कस कमी निघाला तर तो आकडा त्यांना सांगायचा कसा, याची त्याला रात्रंदिवस धास्ती. हे सगळं शालननं मला सांगितलं, मान खाली घालून, जणू चूक तिचीच होती.

"ते म्हणत्यात, शेठचं पैशाचं कुठंतरी अडकलं आणि धंदा बसला तरच आमची सुटका हाय," ती म्हणाली. "आता असलं वंगाळ मागणं देवाला कसं घालू, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, देवाला काही घालू नकोस, मी शेठशी बोलते. ती लगबगीनं उठली. यात्रेच्या पाहुण्यांसाठी शेठच्या घरी पोळ्या लाटायला तिला अकराला पोचायचं होतं.

ती गेली आणि पाच मिनिटांत आमच्या बागलसाहेबांनी मुख्य कचेरीहून आलेला कागद आणून टेबलावर ठेवला. बागल माझ्या हाताखालचे अधिकारी. वाचल्याशिवाय कागद पुढं सरकवण्याची कला त्यांना चांगली साधली होती, त्यामुळं तो पहिल्यांदा वाचला मीच.

असले कागद आधीही यायचे. परदेशातल्या लढाईला जे पैसा पुरवतात त्यांची यादी संयुक्त राष्ट्रसंघ काढतो. ती दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून आमच्यासारख्या लहान बँकांना येते. यादीतल्या माणसाचं खातं सापडलं की त्याच क्षणी गोठवायचं, आणि खातेदाराला आधी काही कळू द्यायचं नाही. पैसा थांबला की बंदुका थंड होतात, असा तो हिशेब. सहा वर्षांत आम्ही अशा पंचवीसेक याद्या फायलीला लावल्या होत्या. नावं सगळी लांबची असायची. वाचता वाचता चहा प्यावा, अशी.

त्या दिवशी सातव्या क्रमांकावर होतं जगन्नाथ शिरतोडे, कंपाला. मूळ गाव चिंचणगाव, जिल्हा सांगली. खाली त्यांच्या दुकानाचं नाव. वडिलांचं नाव, जन्मतारीख, सगळं बरोबर. चूक शोधायला मी ते तीनदा वाचलं.

खात्यावर एक कोटी बहात्तर लाख होते. आणि त्याच दिवशीच्या क्लिअरिंगमध्ये शेठनी दिलेला नऊ लाखांचा चेक होता, ठेकेदार रशीद मुल्लांच्या नावचा. गावच्या शाळेच्या स्लॅबचा. पत्र्याखाली शिकणारी दोनशे पोरं त्या स्लॅबखाली जाणार होती. मुल्लांनी सिमेंट आणून ठेवलं होतं, शनिवारी स्लॅब टाकायचा होता.

आमच्या बँकेची एक रीत होती. बँक काढणारे जुने चेअरमन सांगून गेले होते की चेक परत जाणं म्हणजे माणसाची अब्रू परत जाणं. म्हणून कुणाचाही चेक परत करायच्या आधी त्याला फोन करायचा. शिल्लक कमी असो, सही जुळत नसो, आधी फोन. मोठ्या बँका यावर हसायच्या. आमच्या शाखेत क्लिअरिंगच्या ट्रेशेजारी टेलिफोन ठेवलेला असायचा तो त्याचसाठी. त्या फोनमुळं कित्येक लग्नं बिनबोभाट पार पडली होती, हे मी अभिमानानं सांगत असे.

मी फोन केला.

हात फोनकडं आपोआप गेला, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मी हिशेब केला होता. पैसा बरा नसेल, पण नऊ लाखांची शाळा झाली तर तेवढा तरी धुऊन निघेल. खातं तीन वाजता गोठवलं काय आणि साडेअकराला गोठवलं काय. कागद किती वाजता माझ्या हातात आला, हे त्याच्यावर लिहिलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "शेठ, मुल्लांचा चेक आजच वटवून टाकते. बाकी उद्याचं मला काही सांगता येणार नाही."

पलीकडं पोळपाटांचा आवाज येत होता.

"बरं म्याडम," शेठ म्हणाले.

का, म्हणून त्यांनी विचारलं नाही. हुशार माणसाला मी एवढं सांगितलं आणि त्यानं कारण विचारलं नाही, तिथंच मला घाम फुटायला हवा होता. मला वाटलं, किती समंजस माणूस आहे.

वीस मिनिटांत ते स्वतः हजर. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, हातात चेकबुक. बाहेर दोघातिघांना रामराम केला, एका म्हातारीची स्लिप भरून दिली, मग आत आले. त्यांच्यामागोमाग बागल. त्यांच्या हातात मुंबईच्या एका सराफाच्या खात्यावर एक कोटी साठ लाख पाठवायचा फॉर्म. दहा लाखांवरच्या रकमेला मॅनेजरची सही लागे.

यादीचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता.

आता नाही म्हणायचं तर कागद काढून दाखवावा लागणार, आणि कागद दाखवला तर फोन का केला हे सांगावं लागणार. सही करायची की नाही, हा प्रश्न फोन खाली ठेवला तेव्हाच संपला होता. तरी सही फुकट देईन तर मी मॅनेजर कसली? मी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, दिनकर हसबेला कधी पाठवताय.

शेठनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "शालन तुमच्याकडं आली हुती वाटतं."

"कधी पाठवताय?"

"आषाढात. तुम्हाला शब्द दिला."

"पासपोर्टसकट?"

ते हसले. "म्याडम, तुम्ही गलाईच्या दुकानात पायजे हुता. घासून बघितल्याशिवाय घेत न्हाई तुम्ही."

मी सही केली. एका सहीत शाळा आली, शालनचा नवरा आला, आणि यादीतलं खातंही गोठणार होतंच. इतका फायद्याचा व्यवहार मी त्या वर्षात दुसरा केला नव्हता.

तीन वाजून दहा मिनिटांनी मी खातं गोठवलं. कागदावर आवक शिक्का मारला, वेळ घातली दोन पंचावन्न. शिल्लक होती तीन लाखांच्या आसपास. तसं मुख्य कचेरीला कळवलं. पंधरा दिवसांनी त्यांचं पत्र आलं. आदेश मिळाल्यापासून पंधरा मिनिटांत कारवाई केल्याबद्दल शाखेचं अभिनंदन. बागलनी ते पत्र फ्रेम करून लावायचं सुचवलं. मी लावू दिलं नाही. त्यांना वाटलं, मॅडम साध्या आहेत.

शनिवारी शाळेचा स्लॅब टाकला. गूळ-शेंगदाणे वाटले. शेठ मात्र यात्रेला थांबले नाहीत. पालखीच्या आदल्या दिवशीच निघून गेले.

आषाढ आला. शालन दर गुरुवारी येई, काउंटरवर काही काम नसताना. मी काचेतून मान हलवून विचारी, ती मान हलवून नाही म्हणे. एकदा आत येऊन तिनं मलाच धीर दिला. शेठनी शब्द दिलाय ना म्याडम, मागंपुढं हुतंय, ती म्हणाली.

श्रावणात बातमी आली. सरहद्दीच्या पलीकडं गाडीवर गोळीबार झाला. दिनकर आणि गाडीचा ड्रायव्हर, दोघंही गेले. तिकडंच माती दिली. इकडं शालनच्या हातात आला त्याचा चष्मा आणि शेठनी कुणाबरोबर तरी पाठवलेले तीन लाख रुपये. ते मीच तिच्या मुलीच्या नावानं ठेवीत टाकले. पावतीही मीच लिहिली. मी अजून हिशेब लावलाच नव्हता. मला वाटत होतं, लढाईचा मुलूख, नशीब वाईट.

हिशेब लावून दिला सदाशिवनं. तो कंपालात दिनकरच्याच खोलीत राहायचा. दिवाळीला कायमचा परत आला आणि खातं बंद करायला बँकेत आला. मी त्याला आत बसवून चहा दिला आणि विचारलं, सरहद्दीपर्यंत जायचा तो दिनकर पलीकडं कसा काय गेला.

सदाशिवनं बशीतला चहा फुंकला. मग त्यानं सांगितलं. यादीत नाव येणार, याची कुणकुण शेठना यात्रेच्या आधीच लागली होती, पण यादी गावच्या बँकेत कधी पोचेल ते ठाऊक नव्हतं. तिथल्या बँकांनी खाती अडवली होती. गावाकडचा पैसा हाच आधार होता. तोही अडकला तर दुकान बंद करायचं ठरलं होतं.

"आमची तिकिटं काढल्याली म्याडम," तो म्हणाला. "आठ जणांची. दिनकरनं पोरीसाठी बाहुली घेतल्याली. मग शेठचा गावाकनं फोन आला, पैसे सुटलं म्हणून. दुसऱ्या दिवशी तिकिटं रद्द."

मी विचारलं, तो फोन कोणत्या वारी आला.

"गुरुवार. त्या दिवशी बाजार असतो न्हवं का आपला, म्हणून ध्यानात हाय. आठजण येकामेकाच्या तोंडाकडं बघत बसलो."

पुढचं त्यानं एका दमात सांगितलं. मुंबईतून पैसा दुबईला गेला, दुबईतून रोख होऊन कंपालाला आला. पण बँका बंद, त्यामुळं पलीकडच्या बंदूकवाल्यांना हंगामाची उचल द्यायची तर ती हातानंच न्यायला हवी. विश्वासाचा माणूस एकच होता. दिनकर दोन खेपा करून आला. त्या उचलीवर पलीकडच्यांनी नवा दारूगोळा घेतला आणि शेजारच्या टोळीची खाण काढून घेतली. खाणीभोवती वस्त्या होत्या. तिसऱ्या खेपेला त्या शेजारच्या टोळीनं गाडी अडवली.

सदाशिवनं कप खाली ठेवला, फॉर्मवर सही केली, पैसे मोजून घेतले आणि गेला.

मी हिशेबाची बाई. गुरुवारी सकाळी शालननं मला एक आकडा दिला होता: पैसा अडकला तर सुटका. पाच मिनिटांनी दुसरा आकडा टेबलावर आला होता: पैसा अडकवा. शाळेतल्या पोरालाही जमली असती अशी बेरीज. मी दोन्ही कागद दोन वेगळ्या फायलींना लावले, आणि वर शब्द विकत घेतला. त्या वस्त्यांत किती माणसं होती, मला माहीत नाही. त्यांची नावं कुठल्याच यादीत आली नाहीत. म्हणून मी माझ्या बाजूला एकच नाव धरत आले, दिनकर हसबे. हा हिशेबही खोटाच आहे.

मी कुणाला सांगितलं नाही. शेठ पुन्हा गावात आले नाहीत. कुणी म्हणे दुबईत आहेत, कुणी म्हणे कंपालातच वारले. माझी बदली झाली, मी निवृत्त झाले, सांगलीत फ्लॅट घेतला. पुण्याहून मुलगा फोन करून औषधं घेतलीस का विचारतो.

गेल्या वर्षी माघात शालन पत्ता शोधत आली. केस पिकलेले, पण चालणं तसंच लगबगीचं. मुलीचं लग्न ठरलं होतं. अंकिता आता मिरजेच्या दवाखान्यात नर्स आहे, नवरा मुलगाही तिथलाच. शालननं पत्रिका माझ्या हातात दिली, वर पिवळ्या अक्षता, आणि माझ्या पायाशी वाकली. मी तिला धरलं. ती म्हणाली, त्या तीन लाखांवर पोरीचं नर्सिंग झालं, तुमचे उपकार आहेत. मी म्हटलं, माझे कसले, ते शेठनी दिले.

"शेठनी कुठनं दिलं असतं?" ती म्हणाली. "तुमचा फोन आला तवा मी तिथंच हुती, पोळ्या लाटत. शेठ मालकिणीला म्हणालं, म्याडमनी वाचवलं, न्हाईतर समदं अडाकलं असतं. मी पोरीला कायम सांगती. म्याडमनी फोन केला म्हणून तू शिकलीस."

पंधरा वर्षं ती हे सांगत आली होती.

तिला चहा ठेवावा म्हणून मी उठले आणि पुन्हा बसले. पत्रिका पालथी ठेवली. मग सांगितलं. यादी, कागद, ड्रॉवर, सही. आठ तिकिटं. मी क्रमानं सांगितलं, जसं तपासणीला आलेल्या ऑडिटरला सांगतात, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं मला ते सांगता आलं नसतं. संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"तिकीट कितव्या तारखेचं हुतं?"

सदाशिवनं मला वार सांगितला होता, तारीख नाही. मी म्हटलं, माहीत नाही.

"म्हंजे यात्रेला आलं असतं ते."

मी मान हलवली.

मग ती उठली, पदर खोचला, पत्रिका टेबलावरून उचलली. मला वाटलं, पिशवीत टाकणार. तिनं ती माझ्या हातात परत दिली.

"लग्नाला या," ती म्हणाली. "पोरीला ह्यातलं काय सांगू नका. तिनं तेवढ्यावरच धीर धरलाय."

चहा न घेता गेली.

मी लग्नाला गेले. मिरजेच्या त्या कार्यालयात अंकितानं मला लांबून ओळखलं आणि मुंडावळ्या सावरत, नवऱ्याला हाताला धरून आधी माझ्याकडं आणलं. तिच्या चुलत्यांच्या आधी. "ह्याच त्या म्याडम," ती त्याला म्हणाली, आणि दोघं वाकले. शालन मांडवाच्या पलीकडच्या टोकाला पाहुण्यांना पानं देत उभी होती. तिचा हात थांबला होता. ती बघत होती.

मी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला.